बाकावरच्या क्वार्टरबॅककडेही बघ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र, सात लढतींची यादी आणि नमुन्याचा लेख, तिन्ही मिळालं. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकांच्या गाजलेल्या द्वंद्वांवर मराठीत लेखमाला लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. क्रीडापानावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला असं पत्र आलं की लगेच उत्तर लिहायला बसावंसं वाटतं. पत्र लांबेल, सवडीने वाच.

आधी तुझ्या लेखातल्या एका वाक्याबद्दल. ‘मॅहोम्सने अ‍ॅलनला अस्मान दाखवलं,’ असं तू लिहिलं आहेस. कुस्तीच्या फडात हे वाक्य शोभतं, कारण तिथे एकाच्या मानेवर दुसऱ्याचा हात असतो. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं सांभाळून पास टाकणारे खेळाडू, मात्र एकमेकांना भिडतच नाहीत. सबंध सामन्यात ते दोघे क्षणभरही एकत्र मैदानात नसतात. एक जण समोरच्या संघाच्या बचावफळीशी झुंजत असतो, तेव्हा दुसरा कडेच्या बाकावर हेल्मेट काढून, मागच्या चढाईची छायाचित्रं टॅबलेटवर बघत बसलेला असतो. त्या वेळी त्याच्या हातात काही नसतं. पहिल्याची चढाई संपली की हा उठतो. पहिल्याने फलकावर किती गुण लावले, घड्याळात किती वेळ सोडला, समोर किती यार्ड ठेवले, यावर याचं पुढचं सगळं ठरतं.

द्वंद्व आहे ते तिथे. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे सगळं स्टेडियम बघत असतं, कॅमेरेही तिकडेच असतात. तू बाकावर बसलेल्याकडेही बघ, आणि उठताना त्याच्या वाट्याला काय आलं ते लिही. या पत्रात पुढे जे काही आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

तू राहतेस त्या बफलोच्या जखमेपासूनच सुरुवात करू. २३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडत होती. चौथ्या पावात, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये, बफलो बिल्स २१–२६ असे मागे होते आणि जॉश अ‍ॅलनने १७ चालींची, सात मिनिटं खाणारी चढाई केली. तुझ्या लेखात ही चढाई एका ओळीत उरकली आहे, आणि मला तिचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं. अ‍ॅलन त्या सात मिनिटांत दोन कामं एकदम करत होता: स्वतः पुढे सरकत होता आणि कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक मॅहोम्सला बाकावर बसवून ठेवत होता. शेवटी चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात १३ यार्ड हवे असताना त्याने गेब्रिएल डेव्हिसला २७ यार्डांचा टचडाउन पास दिला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोचून सहा गुण. जोडीला दोन जादा गुण. बिल्स २९–२६ असे पुढे गेले, आणि घड्याळात १ मिनिट ५४ सेकंद उरली.

त्यानंतरच्या त्या १ मिनिट ५४ सेकंदांचं वर्णन सगळ्यांनीच केलं आहे. मॅहोम्सने टायरीक हिलला दिलेला पास ६४ यार्डांच्या टचडाउनमध्ये संपला. ३३–२९, उरले १ मिनिट २ सेकंद. अ‍ॅलन परत आला आणि डेव्हिसलाच त्याने त्या दिवसाचा चौथा टचडाउन पास दिला. ३६–३३, उरले १३ सेकंद. इथे बिल्सनी सुरुवातीची किक थेट मागच्या रेषेपार मारली. चेंडू मैदानात पडला असता आणि कुणी तो उचलून पळाला असता, तर घड्याळ चालू झालं असतं आणि तीन-चार सेकंद गेले असते. तसं झालं नाही. मॅहोम्सला १३च्या १३ सेकंद मिळाले. हिलला १९ यार्ड, टाइमआउट. ट्रॅव्हिस केल्सीला २५ यार्ड, टाइमआउट. हॅरिसन बटकरचा ४९ यार्डांचा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेली तीन गुणांची किक. बरोबरी.

मग जादा वेळेची नाणेफेक. अ‍ॅलनने काटा मागितला, छाप पडला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे, पहिल्याच चढाईत टचडाउन झाला तर सामना तिथे संपायचा. मॅहोम्सने ७५ यार्डांची चढाई केल्सीच्या हाती संपवली. ४२–३६. ज्याने त्या दिवशी चार टचडाउन पास दिले, शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा आपल्या संघाला पुढे नेलं, तो जादा वेळेत चेंडूला हातही न लावता घरी गेला. सामना संपल्यावर मॅहोम्स स्वतःचा जल्लोष सोडून आधी अ‍ॅलनला शोधत गेला. तो का गेला असेल हे समजायला २० जानेवारी २०१९ची रात्र आठवायला हवी.

ही तारीख तुझ्या लेखात हवीच. तेच मैदान, पण हा उपान्त्य सामना. टॉम ब्रेडीचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स पाहुणा होता. मध्यंतराला १४–० असे मागे पडलेल्या मॅहोम्सने सामना शेवटच्या ८ सेकंदांत ३१–३१ असा आणून ठेवला. जादा वेळेची नाणेफेक पेट्रियट्सनी जिंकली. ब्रेडीने त्या एका चढाईत तिसऱ्या प्रयत्नाला १० यार्ड हवे असताना, एकदा नव्हे तीनदा, ते मिळवले आणि ३७–३१ असा सामना संपवला. त्या वेळी बाकावर मॅहोम्स होता. त्यानंतर कॅन्सस सिटीनेच नियम बदलण्याचा प्रस्ताव ठेवला होता, तो तेव्हा बारगळला. २०२२ मध्ये अ‍ॅलनवर तीच वेळ आली, तेव्हा संघमालकांनी प्लेऑफपुरता, म्हणजे मोसमाअखेरच्या बादफेरीपुरता, नियम बदलला: दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळालाच पाहिजे. हा बदललेला नियम पहिल्यांदा वापरात आला तो ११ फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. सॅन फ्रान्सिस्कोने आधी चेंडू घेतला, फील्ड गोलवर समाधान मानलं, आणि बाकावरून उठून टचडाउन करत २५–२२ असा सामना जिंकला तो मॅहोम्स.

बघ, एका सामन्यावरचा लेख पाच वर्षांचा होतो. हे सगळं तुला अ‍ॅलनच्या बाकावरून दिसतं. मॅहोम्सच्या पासांची मोजदाद करत बसलीस तर दिसणार नाही.

आता तुझ्या यादीत नसलेला एक सामना सुचवतो. बफलोत राहून तू तो वगळलास याचं मला नवल वाटलं. २७ जानेवारी १९९१, टॅम्पा, सुपर बोल. बिल्सचा क्वार्टरबॅक जिम केली हडल न करता, म्हणजे चालीआधी घोळका करून न थांबता, समोरच्यांना उसंत न देता एकामागून एक चाली करणारा. आदल्या आठवड्यात त्याच्या संघाने रेडर्सना ५१–३ असं धुतलं होतं. समोर न्यूयॉर्क जायंट्सकडे होता जेफ हॉस्टेटलर, कैक वर्षं बाकावर काढलेला राखीव खेळाडू. मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्सचा पाय डिसेंबरात जायबंदी झाला होता, तोही बफलोविरुद्धच्याच सामन्यात.

कागदावर हे द्वंद्व म्हणायच्या लायकीचंही नाही. पण जायंट्सच्या बचावाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांनी केलीला रोखायचा साधा उपाय शोधला: त्याला मैदानातच कमी येऊ द्यायचं. बचावात त्यांनी पास अडवणारे गडी वाढवले, धावण्याला थोडी मोकळीक दिली. आक्रमणात हॉस्टेटलरने सावकाश, पावलापावलाने चेंडू पुढे नेला. तिसऱ्या पावाच्या सुरुवातीला जायंट्सची एकच चढाई ९ मिनिटं २९ सेकंद चालली. साठ मिनिटांपैकी चाळीसहून जास्त मिनिटं चेंडू त्यांच्याकडे होता. केलीच्या वाट्याला विसाहून कमी. शेवटच्या चढाईत त्याने संघाला फील्ड गोलच्या टप्प्यात आणून सोडलं, आणि स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. २०–१९.

बेलिचिकची त्या दिवसाची योजना कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवली आहे. हॉस्टेटलरने मैदानावर ती पार पाडली. मला विचारशील तर क्वार्टरबॅकने क्वार्टरबॅकला हरवल्याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही. फार मोठे पास नाहीत, आकड्यांचे विक्रम नाहीत, फक्त वेळ. आणि या लेखात आणखी एक गोष्ट जरूर लिही. दुसऱ्या दिवशी बफलोच्या महापालिकेसमोरच्या चौकात संघाच्या स्वागताला लोक जमले, तेव्हा ते नॉरवुडच्या नावाने ओरडत होते. रागाने नाही, त्याला पुढे बोलावण्यासाठी. तुझ्या आसपास त्या चौकात उभे राहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या आजही भेटतील. त्यांना विचार, ऐक, लिहून घे. हे आम्हाला इथे पुण्यात बसून मिळत नाही.

मॅनिंग आणि ब्रेडीवर तू एक लेख ठेवला आहेस. तो पुरणार नाही, दोन कर. सतरा वेळा हे दोघे समोरासमोरच्या संघांत होते. ब्रेडी अकरा वेळा जिंकला, मॅनिंग सहा वेळा. मात्र प्लेऑफच्या पाचांपैकी तीन मॅनिंगचे. तू यावरून दोघांत थोर कोण हा वाद मांडायला निघाली आहेस. तो वाद सोडून दे. पंधरा वर्षं दोन माणसं एकमेकांना मैदानात न भेटता एकमेकांचा खेळ कसा बदलत गेली, ते सांगितलंस तर वाचक शेवटपर्यंत येईल.

नव्या खेळाडूंच्या १९९८च्या निवडीत पेटन मॅनिंग सर्वांत पहिला. ब्रेडी २००० साली १९९वा. ३० सप्टेंबर २००१ला ब्रेडी लीगमध्ये पहिल्यांदा सामन्याच्या सुरुवातीपासून उतरला, तो मॅनिंगच्या इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्धच, आणि पेट्रियट्स ४४–१३ असे जिंकले. जानेवारी २००४मध्ये फॉक्सबरोच्या थंडीत मॅनिंगचे चार पास पेट्रियट्सनी मधल्या मध्ये पळवले, त्यातले तीन एकट्या टाय लॉने. कोल्ट्सच्या रिसीव्हरांना, म्हणजे पास झेलणाऱ्यांना, पेट्रियट्सचे बचावपटू धावू देत नव्हते, धरत होते, ढकलत होते. पाच यार्डांपुढे रिसीव्हरला अडवायचं नाही हा नियम १९७८पासून होता, पण पंच काणाडोळा करत. पुढच्या मोसमात लीगने पंचांना तो नियम कडक पाळायला लावला. मॅनिंगने त्या वर्षी ४९ टचडाउन पास देऊन डॅन मरीनोचा १९८४चा ४८चा विक्रम मोडला. २००७मध्ये ब्रेडीने ५० केले. २०१३मध्ये मॅनिंगने ५५. एक जण उत्तर देतो, मग दुसरा. ही चढाओढ वर्षानुवर्षं चालली.

त्यातला सर्वांत सुंदर दिवस २१ जानेवारी २००७चा. इंडियानापोलिसच्या बंद स्टेडियममध्ये कोल्ट्स २१–३ असे मागे पडले होते. मॅनिंगचा एक पास असांटे सॅम्युएलने पळवून थेट टचडाउनच केला होता. पेट्रियट्ससमोर हा माणूस गळपटतो, असं बोललं जायचं, आणि तो तेव्हा बाकावर त्या बोलण्याचं ओझं घेऊन बसला होता. तिथून त्याने संघाला ३८–३४ असं नेलं. शेवटची चढाई ८० यार्डांची, शेवटचे तीन यार्ड जोसेफ अडाईने धावून काढले, आणि घड्याळात एक मिनिट उरलं. आता चेंडू ब्रेडीकडे, बाकावर मॅनिंग. त्याची मान खाली होती, पुढची चाल बघवत नव्हती. मार्लिन जॅक्सनने ब्रेडीचा पास पळवला तेव्हा तो उठला. दोन आठवड्यांनी मायामीच्या पावसात कोल्ट्सनी सुपर बोल जिंकलं, पण ज्यांनी हा सामना बघितला त्यांच्या मनात विजेतेपद याच रात्री ठरलं होतं.

आणि दुसरा लेख १५ नोव्हेंबर २००९चा. चौथ्या पावात पेट्रियट्स ३१–१४ असे पुढे होते, शेवटी ३४–२८. दोन मिनिटं राहिली होती. त्यांच्या स्वतःच्या २८ यार्डांच्या रेषेवर चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. अशा जागी कुठलाही प्रशिक्षक पंट मारून चेंडू लांब घालवतो. तेव्हा पेट्रियट्सचा प्रशिक्षक असलेल्या बेलिचिकने घालवला नाही. मॅनिंगच्या हाती दोन मिनिटं आणि ७० यार्ड दिले तरी तो टचडाउन करील, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने चेंडू सोडायचाच नाही असं ठरवलं. केव्हिन फॉक जरासा अलीकडे अडवला गेला. मॅनिंगला २९ यार्डच पार करायचे राहिले. १३ सेकंद शिल्लक असताना त्याने रेजी वेनला पास दिला आणि कोल्ट्स ३५–३४ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बेलिचिकला झोडपलं. मला तो निर्णय आजही पटतो. पण तुझ्या लेखाला त्याहून मोठी गोष्ट अशी की, नुसतं बाकावर बसून मॅनिंगने लीगमधल्या सर्वांत हुशार प्रशिक्षकाला तसं करायला भाग पाडलं. केलीला बाकावर बसवून जिंकणारा हाच बेलिचिक. हे दोन सामने तू शेजारी शेजारी ठेव.

आकड्यांबद्दल थोडं. तू प्रत्येक लढतीखाली यार्ड आणि टचडाउनची तक्त्यासारखी ओळ दिली आहेस. आकडे हवेतच, पण ते गोष्टीच्या पोटात यावेत, आणि काळाचं भान ठेवून यावेत. ४ फेब्रुवारी २०१८ला मिनियापोलिसमध्ये ब्रेडीने ५०५ यार्ड पास दिले, सुपर बोलमध्ये इतके कुणीच दिले नव्हते, आणि तो हरला. समोर फिलाडेल्फियाचा निक फोल्स, कार्सन वेंट्झ डिसेंबरात जखमी झाला म्हणून खेळणारा राखीव. त्याने ३७३ यार्ड दिले आणि एक टचडाउन स्वतः पास झेलून केला. सबंध सामन्यात दोन्ही संघ मिळून एकच पंट झाली. ४१–३३. ब्रेडीच्या हातून सामन्यात एकदाच चेंडू सुटला, शेवटच्या अडीच मिनिटांत, ब्रँडन ग्रॅहमने झडप घातली तेव्हा. ५०५मध्ये तो क्षण कुठेच दिसत नाही.

उलट १२ जानेवारी १९६९चा जो नेमथ बघ. आपण जिंकणारच अशी खात्री त्याने आधी सगळ्यांदेखत दिली होती, आणि तेव्हा बाल्टिमोरमध्ये असलेल्या कोल्ट्सना १८ गुणांनी वरचढ मानलं जात होतं. नेमथने त्या सुपर बोलमध्ये एकही टचडाउन पास दिला नाही. चौथ्या पावात तर त्याने एकही पास टाकला नाही. न्यूयॉर्क जेट्स १६–७ असे जिंकले, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या दिवशी कोल्ट्सच्या बाकावर जॉनी युनायटस होता. कोपर दुखावलेलं, मोसमभर जवळजवळ बसून काढलेला. तिसऱ्या पावात त्याला उतरवलं आणि संघाचा एकमेव टचडाउन त्याच्याच चढाईत झाला.

म्हणून त्यांची खरी लढत २४ सप्टेंबर १९७२ची, बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममधली. तुझ्या यादीत ती सातवी आहे, मी ती पहिली ठेवली असती. युनायटस ३९ वर्षांचा, नेमथ २९चा. युनायटसने ३७६ यार्ड पास दिले, दोन टचडाउन. एखाद्याच्या म्हातारपणातला हा दिवस म्हणून तो आठवणीत राहिला असता. पण नेमथचे त्या दिवशी फक्त १५ पास पूर्ण झाले आणि त्या पंधरांत त्याने ४९६ यार्ड आणि सहा टचडाउन काढले. चौथ्या पावात युनायटसने लांबच लांब, घाम गाळणाऱ्या चढाया करून कोल्ट्सना तीन गुणांवर आणून ठेवायचं, आणि तो बाकावर टेकतो न टेकतो तोच नेमथने रिच कॅस्टरला एका पासात ७९ यार्ड पळवायचं. पुन्हा युनायटसने तीन गुणांवर आणायचं, पुन्हा कॅस्टर, या वेळी ८० यार्ड. ४४–३४. युनायटसला त्या दिवशी धड दमही खाऊ दिला नाही नेमथने. हे सगळं १९७८च्या नियमाआधीचं, जेव्हा रिसीव्हरला मैदानभर धक्के मारायची मुभा होती. आजच्या ४९६ यार्डांशी त्याची तुलना करू नकोस.

त्याच मोसमात युनायटसला बाल्टिमोरने बसवलं. १९७३मध्ये तो सॅन डिएगोला गेला, आणि तिथे त्याची जागा घेतली ती डॅन फाउट्स नावाच्या पोराने. इथून तुला पुढच्या लेखाला जाता येईल.

२ जानेवारी १९८२, मायामीचं ऑरेंज बोल, दमट उकाडा. फाउट्सचा सॅन डिएगो चार्जर्स पहिल्याच पावात २४–०. मायामीच्या प्रशिक्षकाने, डॉन शुलाने, तरुण डेव्हिड वुडलीला बसवलं आणि डॉन स्ट्रॉकला उठवलं. स्ट्रॉक कोण? मायामीचा राखीव. त्याने ४०० यार्डांवर पास दिले, चार टचडाउन केले. मध्यंतराआधीच्या शेवटच्या चालीत त्याचा पास ड्युरिएल हॅरिसने झेलला आणि झेलल्या झेलल्या बाजूने पळत येणाऱ्या टोनी नेथनकडे टाकला. नेथन सरळ टचडाउनपर्यंत गेला. २४–१७. ड्रेसिंगरूमकडे जाताना फाउट्सला आवाजाने काही ऐकू येत नसेल.

दुसऱ्या अर्धात दोघे एकमेकांना उत्तरं देत राहिले. मायामी ३८–३१ असं पुढे गेलं, मिनिटभर राहिलं असताना फाउट्सने जेम्स ब्रुक्सला पास देऊन बरोबरी केली. फाउट्सचे ४३३ यार्ड. पण या लेखात तू तिसऱ्या माणसाला मधोमध आण: केलन विन्स्लो. त्याने १३ पास झेलले, १६६ यार्ड केले, पेटक्यांनी तो पुन्हा पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला. शेवटच्या सेकंदांत मायामीचा ४३ यार्डांचा फील्ड गोल त्याने उडी मारून बोटांनी अडवला. त्या क्षणी सामना तिसऱ्याच्याच हातात होता. जादा वेळेची १३ मिनिटं ५२ सेकंद गेल्यावर रॉल्फ बेनिर्शकेच्या किकने ४१–३८ झालं. विन्स्लोला सहकाऱ्यांनी खांद्यांचा आधार देऊन बाहेर नेलं. आठच दिवसांनी सिनसिनाटीत उणे २३ अंश सेल्सिअसला हेच चार्जर्स २७–७ असे हरले. फाउट्स सुपर बोल कधीच खेळला नाही. त्या संघाची सगळी गोष्ट या दोन शनिवार-रविवारांत मावते.

मोंटाना-मरीनो मात्र यादीतून काढ किंवा वेगळ्या तऱ्हेने लिही. २० जानेवारी १९८५ची जाहिरात द्वंद्वाची झाली होती: ४८ टचडाउन आणि ५,०८४ यार्डांचा मरीनो एकीकडे, जो मोंटाना दुसरीकडे. पण सामना ३८–१६ असा एकतर्फी झाला. मरीनो २३ वर्षांचा होता, पुन्हा येईल असं सगळ्यांना वाटलं, तो कधीच परत आला नाही. मोंटानाच्या उत्तम दिवसाबद्दल लिहायचं असेल तर त्याच्याच शब्दांत नव्हे, त्याच्या शांतपणात लिही: १७ ऑक्टोबर १९९४, डेन्व्हर. जॉन एल्वेने दीड मिनिट राहिलं असताना स्वतः धावून मोंटानाच्या कॅन्सस सिटीला मागे टाकलं, आणि मोंटानाने आठ सेकंद राहिले असताना विली डेव्हिसला पास देऊन ३१–२८ केलं. एल्वे ती सगळी चढाई कडेला उभं राहून बघत होता. ते द्वंद्व.

एक आडवळण, पण तुला आवडेल. युनायटस, नेमथ, मोंटाना, मरीनो, केली: हे पाचही जण पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे. पिट्सबर्ग आणि आसपासची पोलाद-कोळशाची गावं. बफलोहून गाडीने तीन-चार तासांवर आहे तो मुलूख. सुट्टीत जाऊन ये. बीव्हर फॉल्स, मोनोंगाहेला, ईस्ट ब्रेडी ही गावं बघितल्यावर तू जे लिहिशील त्याला वेगळा वास येईल.

वाचकाला खेळ समजावून सांगण्यात तू पहिले चारशे शब्द खर्च केले आहेस. इतकी गरज नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळवायचे, मिळाले की पुन्हा चार. टचडाउनचे सहा गुण, वर एकाची किक किंवा दोनाची चाल. फील्ड गोलचे तीन. आणि घड्याळ कधी थांबतं. बाकीचं सामन्याच्या ओघात कळतं. ‘पावा’ला क्वार्टर म्हटलंस तरी चालेल, पण एक शब्द धरलास की शेवटपर्यंत तोच ठेव. प्रत्येक खेळाडूला ‘महान’ म्हणू नकोस. स्ट्रॉक आणि हॉस्टेटलर महान नव्हते, म्हणूनच त्यांचे दिवस वाचायला आवडतात.

ब्रीस आणि पेटनचा भाऊ एलाय मॅनिंग यांचा २०१५चा ५२–४९ आणि गॉफ-मॅहोम्सचा २०१८चा ५४–५१, हे दोन्ही एकाच लेखात घे. दोन्ही बघायला मौज आली, पण तिथे बचाव इतका हतबल होता की बाकावर बसलेल्याला काळजी करायचंही कारण नव्हतं. आपली पाळी येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्याऐवजी १० जानेवारी २०१०चा ग्लेनडेलचा सामना सविस्तर लिही. अ‍ॅरिझोनाच्या कर्ट वॉर्नरचे पाच टचडाउन पास आणि फक्त चार चुकलेले. ग्रीन बेच्या एरन रॉजर्सने संघाला मोठ्या पिछाडीतून ४५–४५ वर आणलं, आणि जादा वेळेत त्याच्या हातून निसटलेला चेंडू त्याच्याच पायाला लागून कार्लोस डान्सबीच्या हातात गेला. ५१–४५. वॉर्नर तेव्हा बाकावरून धावत मैदानात आला. त्या महिन्याच्या अखेरीस त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता कामाचं. पहिला लेख बाल्टिमोर १९७२चा लिही, दुसरा मायामीचा, म्हणजे युनायटस ते फाउट्स हा धागा आपोआप येईल. बफलोचे दोन्ही सामने शेवटी ठेव, तोवर तुझा हात बसलेला असेल आणि त्या चौकातल्या माणसांशी बोलणंही झालेलं असेल. प्रत्येक लेख बाराशे शब्दांत आटप. सामन्याचं जुनं चित्रण मिळेल तिथे पूर्ण बघ, नुसत्या ठळक क्षणांच्या तुकड्यांवर विसंबू नकोस; त्या तुकड्यांत बाक कधीच दिसत नाही. गुण आणि वेळ दोन ठिकाणी ताडून घे. पहिल्या लेखाचा कच्चा खर्डा महिनाअखेरीपर्यंत पाठव, खाडाखोड असली तरी चालेल. कागदावर लिहून फोटो पाठवलास तर मला समासात खुणा करायला बरं पडेल.

थंडीत जपून राहा. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर